पंखा दोन सेकंद फिरून थांबतो, पडदा काळाच राहतो: मदरबोर्ड खरोखर गेला आहे का?

निवृत्त मास्तर
सोमवार, रात्री ९.१०

सर्वांना नमस्कार. विषय तांत्रिक असला तरी विचारणारा तंत्रज्ञ नाही, तेव्हा काही शब्द चुकले तर सांभाळून घ्यावे.

माझ्याकडे २०१४ साली सुटे भाग जुळवून घेतलेला संगणक आहे. पावतीनुसार त्यात चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच ८१ प्रकारचा मदरबोर्ड, डीडीआर ३ रॅमच्या दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या आणि पाचशे जीबीची हार्ड डिस्क आहे. वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही आणि विंडोज ७ तेव्हापासूनचीच आहे. आमचे घर राजापूर तालुक्यात, जैतापूरच्या खाडीपासून जवळच आहे. ज्येष्ठात आम्ही उभयता पुण्याला मुलीकडे गेलो ते गणपतीच्या तयारीसाठी श्रावण संपता संपता परतलो. जाताना सगळ्या पिना काढून संगणकावर जुनी चादर घालून ठेवली होती.

परत आल्यावर बटण दाबले तेव्हा आतला पंखा दोन सेकंद फिरला, थांबला, आणि काही क्षणांनी आपोआप पुन्हा फिरू लागला. हाच क्रम पाच-सहा वेळा चालला. त्यानंतर पंखा फिरत राहिला, परंतु मॉनिटरवर 'नो सिग्नल' एवढीच अक्षरे आली आणि कीबोर्डवरील नम लॉकचा दिवा बटण दाबूनही लागला किंवा विझला नाही. गावातील ओळखीच्या दुरुस्तीवाल्याने येऊन पाच मिनिटे पाहिले आणि मदरबोर्ड गेला असल्याचा निर्वाळा दिला. या पिढीचे बोर्ड आता नवे मिळत नाहीत, म्हणून नवा संच घ्यावा आणि जुनी हार्ड डिस्क त्यात बसवून विंडोज नव्याने टाकावी, असा त्याचा सल्ला आहे. खर्च बावीस हजार सांगितला.

खर्चापेक्षा मोठी काळजी वेगळी आहे. गेली अकरा वर्षे मी आमच्या घराण्याचा कुळवृत्तांत लिहीत आहे. सुमारे चारशे पाने टंकलिखित झाली आहेत आणि शंभरावर मोडी पत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रतिमा आहेत. पेन ड्राइव्हवर एक प्रत आहे, पण ती दोन वर्षांपूर्वीची. विंडोज नव्याने टाकल्यावर हे सर्व राहील का?

दोन गोष्टी आठवतात, त्यांचा संबंध असेल-नसेल. गेल्या दिवाळीपासून संगणक रोज सकाळी भलतीच जुनी तारीख दाखवत असे, आणि ती दुरुस्त करेपर्यंत बँकेचे संकेतस्थळ उघडत नसे. दुसरे म्हणजे, अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की बोटांना मुंग्या येत.

सोल्डरवाला
सोमवार, रात्री १०.४५

मास्तर, नमस्कार. कोल्हापुरात गेली बावीस वर्षे हेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

पाच मिनिटांत मदरबोर्ड गेल्याचे कुणीही सांगू शकत नाही. ज्याला आपण मदरबोर्ड गेला असे म्हणतो, ते निदान बाकी सर्व शक्यता एकेक करून बाद झाल्यावर उरणारे असते. आपण लिहिलेली लक्षणे तर मला बरीच आशादायक वाटतात. बोर्ड संपूर्ण मेला असता तर तो स्वतःहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करीत बसला नसता. चालू होऊन बंद पडणे आणि पुन्हा चालू होणे याचा अर्थ बहुधा असा असतो की, बोर्ड उठतो, पहिल्या तपासणीत अडखळतो आणि पुन्हा सुरुवात करतो. नम लॉकचा दिवा न बदलणे हेही त्याच गोष्टीची खूण आहे, कारण ती तपासणी पुरी झाल्याखेरीज कीबोर्डला कुणी विचारत नाही. अडखळण्याचे सर्वांत नेहमीचे ठिकाण रॅम. त्यानंतर वीजपुरवठ्याचा डबा, म्हणजे एसएमपीएस. आणि जुन्या यंत्रांत बोर्डावरचा चपटा सेल.

त्या सेलपासूनच सुरुवात करा, कारण तारखेची तक्रार त्याचीच आहे. रुपयाच्या नाण्यापेक्षा बराच जाड असा तो सीआर २०३२ क्रमांकाचा तीन व्होल्टचा सेल असतो आणि कुठल्याही घड्याळजीकडे पन्नास रुपयांच्या आत मिळतो. भिंतीवरचे बटण चालू असते तेव्हा संगणक बंद असला तरी एसएमपीएसमधून थोडी वीज बोर्डाला मिळत राहते आणि घड्याळ तिच्यावर चालते. पीन काढली की सगळा भार सेलवर येतो. दिवाळीपासून मरायला टेकलेला सेल अडीच महिने एकट्याने ओझे वाहत होता, असे समजा. सेल संपला तर बहुतेक बोर्ड केवळ तारीख विसरतात आणि चालू होतात, पण काहींच्या साठवलेल्या सेटिंगमध्ये कचरा शिरतो आणि ते चालू होण्यालाच नकार देतात. म्हणून पीन काढा, सेल काढा, संगणकाचे बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल, आणि दहा मिनिटांनी नवा सेल घाला. बँकेचे संकेतस्थळ का उघडत नसे तेही यातूनच कळेल: सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, आणि आपला संगणक दहा वर्षे मागे जगत असेल तर त्याला ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेले दिसत नाही.

आता रॅम. तुमच्याकडच्या हवेत पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, हे मी आपल्याला सांगायला नको. खाडीवरची धूळ म्हणजे तेच मीठ. हवेतील आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की ते ओलावा ओढते, आणि संपर्काच्या जागी बसलेली ही ओलसर धूळ एक तर जोड तोडते किंवा नको तिथे जोड करते. डीडीआर ३ पट्टीला दोन्ही बाजू मिळून २४० सोनेरी पट्टे असतात. त्यांतला एखादाही नीट टेकला नाही तर बोर्ड तिथेच थबकू शकतो. दोन्ही पट्ट्या काढा, दोन्ही टोकांच्या कड्या आधी उघडा, ओढाताण करू नका. मग त्यांचे सोनेरी पट्टे पेन्सिलच्या स्वच्छ पांढऱ्या खोडरबराने हलके पुसा, चुरा झटका, आणि एकच पट्टी एका स्लॉटमध्ये कट्ट असा आवाज येईपर्यंत दाबून बसवा. नाही झाले तर तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, मग दुसरी पट्टी पहिल्यात, मग दुसऱ्यात. चार फेऱ्या होतील. प्रत्येक फेरीचे काय झाले ते कागदावर लिहा. चौथ्या फेरीला पहिलीचे आठवत नाही, हा माझाच अनुभव आहे.

शेवटची एक चाचणी, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. चाळीस-पन्नास रुपयांना मिळणारा छोटा स्पीकर बोर्डावर 'स्पीकर' लिहिलेल्या पिनांवर लावा आणि दोन्ही पट्ट्या काढून संगणक चालू करा. तो ओरडू लागला, म्हणजे ठरावीक अंतराने लांब बीप देऊ लागला, तर निश्चिंत व्हा. रॅम नाही हे ओळखून तक्रार करणाऱ्या यंत्रात प्रोसेसर, बायोस (म्हणजे बटण दाबताच सर्वांत आधी चालणारा, बोर्डावरच साठवलेला प्रोग्रॅम) आणि त्यांना लागणारी वीज या तिन्ही गोष्टी जिवंत असतात. तो गप्पच राहिला तर मग आपण एसएमपीएसकडे वळू.

अक्षरजुळणी
मंगळवार, सकाळी ८.२०

मास्तर, यंत्राचे वरच्यांनी सांगितलेच आहे. मी पुण्यात पुस्तकांची अक्षरजुळणी करते, म्हणून फक्त कुळवृत्तांताबद्दल लिहिते.

आपले लेखन मदरबोर्डात नाही, हार्ड डिस्कमध्ये आहे, आणि मदरबोर्ड जाण्याने डिस्कमधले एक अक्षरही जात नाही. ते जाते ते 'विंडोज नव्याने टाकू' या वाक्यामुळे. विंडोज टाकताना डिस्कचा भाग फॉरमॅट करण्याचा पर्याय येतो आणि घाईतल्या हाताने तो दाबला जातो. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइलींचे तर विशेषच सांगते, कारण डेस्कटॉप हा सी ड्राइव्हचाच भाग असतो आणि फॉरमॅट बहुधा त्याचाच होतो. तेव्हा काहीही ठरो, प्रत निघेपर्यंत ती डिस्क कुणाच्याही हाती देऊ नका.

संगणक चालू झाला नाही तरी प्रत काढता येते. साटा जोडणीच्या डिस्कला यूएसबीत लावण्याचे अडॅप्टर मिळते; मात्र मेजावरच्या संगणकातील साडेतीन इंची डिस्कला बारा व्होल्टही लागतात आणि ते यूएसबीतून येत नाहीत, म्हणून सोबत स्वतंत्र चार्जर असलेलेच अडॅप्टर मागा. लॅपटॉपच्या डिस्कसाठीचे स्वस्त अडॅप्टर आणले तर डिस्क फिरणारच नाही आणि ती बिघडली असा उगाच समज होईल. जोडल्यावर डिस्क नुसती टक-टक करीत राहिली तर मात्र ताबडतोब पीन काढा, पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका.

आणखी एक, जे संगणकवाले सहसा सांगत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी सुरू केलेले टंकलेखन आपण युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरसंकेतात केले आहे की शिवाजी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये? जुन्या फॉन्टमध्ये असेल तर नुसत्या फाइली नेऊन भागणार नाही. नव्या संगणकावर त्या उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, आणि फाइल खराब झाली असे समजून लोक ती पुसून टाकतात. माझ्याकडे असे दोन लेखक रडवेले होऊन आले होते. फाइलीत काहीच बिघडलेले नसते, केवळ फॉन्ट नसतो. म्हणून प्रत काढताना विंडोजच्या फोल्डरमधील फॉन्ट्स नावाचे फोल्डरही उचला.

निवृत्त मास्तर
मंगळवार, रात्री ८.०५

दोघांचेही मनापासून आभार. शिवाजी फॉन्टच आहे, आणि तो सोबत न्यावा लागतो हे मला कुणीही कधी सांगितले नव्हते.

आजचा वृत्तांत क्रमाने देतो. कॅबिनेट भिंतीपासून ओढले तेव्हा मागच्या पंख्याच्या जाळीवर कुंभारीण माशीने मातीचे घर केलेले दिसले; अडीच महिने पंखा फिरला नाही, तिला जागा आयती मिळाली. ते काडीने काढले. सेल काढून शेजारच्या वायरमनच्या मल्टिमीटरवर मोजला, तो १.९ व्होल्ट भरला. नवा घातल्यावर पंखा थांबून पुन्हा फिरण्याचा प्रकार बंद झाला, पण पडदा काळाच राहिला.

स्पीकर राजापुरातून आणवला. पट्ट्या काढून बटण दाबले आणि संगणकाने असा काही टाहो फोडला की सौ. स्वयंपाकघरातून धावत आल्या. मला मात्र फार आनंद झाला.

पट्ट्या पुसल्या आणि चार फेऱ्या केल्या. प्रोसेसरच्या जवळच्या स्लॉटमध्ये कोणतीही पट्टी घातली तरी पडदा काळा; लांबच्या स्लॉटमध्ये मात्र दोन्ही पट्ट्या आळीपाळीने चालल्या आणि मॉनिटरवर अक्षरे आली. विजेरीच्या उजेडात पाहता जवळच्या स्लॉटमध्ये आत दोन ठिकाणी पांढरट-हिरवट बुरशीसारखे काहीतरी दिसते.

आनंद इथपर्यंतच टिकला. विंडोजचे चिन्ह येते, चार रंगीत ठिपके फिरू लागतात, आणि क्षणार्धात निळा पडदा येऊन संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. निळ्या पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घेतले, त्यात शून्यांच्या रांगेनंतर शेवटी '७ बी' असे आहे. डिस्कही गेली की काय?

वीजतंत्री
मंगळवार, रात्री ९.३०

निळ्या पडद्याचे जाणकार सांगतील. मला त्या बोटांना येणाऱ्या मुंग्यांबद्दल लिहायचे आहे, कारण त्या कुणी मनावर घेतलेल्या दिसत नाहीत. मी वीज वितरणातून निवृत्त झालो आहे.

एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याकडे एकेक छोटा कपॅसिटर जोडलेला असतो. त्याचे काम विजेतील खरखर जमिनीत सोडण्याचे. अर्थिंग नीट असेल तर ती निमूटपणे निघून जाते. अर्थिंग तुटलेले असेल तर पत्रा या दोन कपॅसिटरांच्या मध्ये लोंबकळतो आणि त्यावर मेनच्या निम्मा, म्हणजे साधारण ११५ व्होल्टचा दाब येतो. प्रवाह अगदी क्षीण असल्याने झटका न बसता मुंग्या येतात. त्यामुळे हा दोष संगणकाचा नाही, घराचा आहे. आणि उद्या एसएमपीएसच्या आत खरोखर फेज पत्र्याला टेकली तर फ्यूज उडण्याऐवजी आपण उडाल.

शेजारच्या वायरमनला सॉकेटमध्ये तीन मोजमापे घ्यायला सांगा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळजवळ तेवढेच आणि न्यूट्रल-अर्थ दोन-चार व्होल्ट असायला हवे. फेज-अर्थचा आकडा कमी किंवा भटकत असेल तर अर्थ नाही असे समजा. कुंभारणीचा उल्लेख वाचून एक आठवले, आधी सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकात विजेरीने पाहा. तेच अर्थचे भोक असते, ते तिन्हींत रुंद असते, आणि बंद घरात कुंभारीण ते मातीने लिंपून टाकते असे मी कोकणातल्या नोकरीत अनेकदा पाहिले आहे. तपासण्याआधी मेन स्विच बंद करायला विसरू नका. माती नसेल तर मात्र अंगणातला अर्थिंगचा खड्डा पाहावा लागेल. जांभ्यात तो उन्हाळ्यात कोरडा पडतो. पावसाळ्यातही अर्थ मिळत नसेल तर वरची तारच गंजून तुटली असण्याची शक्यता जास्त.

सोल्डरवाला
मंगळवार, रात्री १०.१५

वीजतंत्री साहेबांनी योग्य ठिकाणी बोट ठेवले. मी मुंग्यांचे वाचले आणि पुढे गेलो, ही माझी चूक झाली.

मास्तर, डिस्क गेलेली नाही, उलट ती उत्तम वाचली जाते आहे. नाहीतर विंडोजचे चिन्हच आले नसते. '७ बी' चा अर्थ विंडोजला स्वतःचीच डिस्क अर्ध्या वाटेत सापडेनाशी झाली, एवढाच आहे. सेल काढल्यामुळे बायोसमधील सर्व सेटिंग कारखान्यातल्यासारखी झाली. त्यात साटा मोड नावाचे एक सेटिंग असते; बोर्डाने डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलायचे ते त्यावर ठरते, आणि आयडीई व एएचसीआय या त्यातल्या दोन पद्धती. माझा अंदाज असा की, २०१४ साली ज्याने विंडोज ७ टाकली त्याने ते आयडीई असे ठेवले होते आणि आता ते एएचसीआय झाले आहे. विंडोज ७ ज्या मोडमध्ये टाकली त्याच मोडची तयारी ठेवते. दुसरा समोर आला की गांगरते. संगणक चालू होताच डिलीट हे बटण पुन्हा पुन्हा दाबा, बायोस उघडेल. साटा मोड शोधा, आयडीई करा, एफ १० दाबून जतन करा. तिथेच आजची तारीखही घाला.

दरम्यान 'स्टार्टअप रिपेअर' करू का असे विंडोज विचारेल, त्याला नाही म्हणा. जे मोडलेलेच नाही ते दुरुस्त करायला ती अर्धा तास घेते आणि हाती काही लागत नाही.

जवळचा स्लॉट तूर्त तसाच सोडा. लांबच्या स्लॉटमध्ये एक पट्टी ठेवून दोन जीबीवर काम भागवा आणि आधी प्रत काढा. प्रत निघाल्याशिवाय पुढची कोणतीही सफाई नको.

अक्षरजुळणी
बुधवार, सकाळी ७.५०

खोडरबराबद्दल माझे मत वेगळे आहे, रागावू नये. पट्ट्यांवरचे सोने म्हणजे अगदी विरळ मुलामा असतो, आणि दर पावसाळ्यात खोडरबर फिरवले तर तो झिजून खालचा धातू उघडा पडतो. मग गंज पूर्वीपेक्षा लवकर धरतो. शिवाय चुऱ्याचा कण स्लॉटमध्ये गेला की नवेच दुखणे. आमच्या कार्यालयात आम्ही ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड वापरतो. हात धुण्याचे सॅनिटायझर मात्र चालत नाही, त्यात बहुधा ग्लिसरीन असते आणि ते चिकट थर मागे ठेवते.

सोल्डरवाला
बुधवार, सकाळी ९.३०

मान्य आहे. अल्कोहोल चांगलेच. पण राजापूरच्या आसपास रात्री साडेदहाला आयसोप्रोपिल कुठे मिळणार, आणि खोडरबर तर मास्तरांच्या खिशातच असणार, हा विचार करून लिहिले. एकदा पुसल्याने मुलामा जात नाही. सवय लावू नये एवढे खरे. स्लॉटच्या आत मात्र खोडरबर कधीच घालायचे नाही, तिथे अल्कोहोल आणि मऊ दात घासण्याचा ब्रश, आणि नंतर एक दिवस वाळवणे.

निवृत्त मास्तर
गुरुवार, सायंकाळी ६.४०

विंडोज उघडली. साटा मोड खरोखर एएचसीआय झाला होता. आयडीई करताच पूर्वीचाच डेस्कटॉप समोर आला, अगदी अर्धवट राहिलेल्या सातव्या पिढीच्या फाइलीसह.

उघडल्याबरोबर दुसरे काहीही न करता कुळवृत्तांताचे संपूर्ण फोल्डर, मोडी पत्रांच्या प्रतिमा आणि फॉन्ट्सचे फोल्डर दोन वेगवेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतले. त्यांतील एक शनिवारी पुण्याला मुलीकडे जाईल. जावयाच्या लॅपटॉपवर शिवाजी फॉन्ट बसवून पहिली वीस पाने वाचून पाहायला सांगितली आहेत, कारण प्रत निघाली असे आपण म्हणतो तेव्हा ती उघडून कुणी पाहिलेली नसते, हे अक्षरजुळणीताईंच्या लेखकांवरून ध्यानात आले.

वीजतंत्री साहेब, मेन स्विच बंद करून विजेरीने पाहिले, तर अर्थच्या भोकात खरोखर माती होती. सॉकेटच नवे घातले. वायरमनने मोजले, तर फेज-न्यूट्रल २२८, फेज-अर्थ २२६ आणि न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट आले. पत्र्याला आता मुंग्या येत नाहीत. पण दिवाळीपासून येत होत्या आणि कुंभारीण तर आता पावसाळ्यात आली, हे जुळत नाही, असे वायरमनही म्हणतो. त्याच्या मते जुन्या सॉकेटमधील अर्थची पट्टी आधीच सैल झालेली होती.

आता दोन शंका उरतात. चार जीबीच्या जागी दोनच राहिले आहेत, ते वाढवता येतील का? आणि संगणकावर चादर घालावी की घालू नये?

वीजतंत्री
गुरुवार, रात्री ८.१५

वायरमनचे म्हणणे बरोबर आहे, माती नंतरची. आता परतीच्या पावसात विजा कडाडतील तेव्हा पिनेबरोबर इंटरनेटची केबलही काढत जा. वीज त्या वाटेनेही आत येते, आणि लोक फक्त भिंतीवरचे बटण बंद करून निर्धास्त होतात.

सोल्डरवाला
गुरुवार, रात्री ९.००

एच ८१ बोर्ड एका स्लॉटमध्ये आठ जीबीपर्यंत पट्टी घेतो. लांबच्या स्लॉटमध्ये चार जीबीची एकच पट्टी घातली की पूर्वीइतकीच रॅम होईल, आणि जवळच्या स्लॉटला हात लावण्याची गरजच उरणार नाही. वापरलेली पट्टी चालेल, मात्र डीडीआर ३ च मागा आणि लॅपटॉपची आखूड पट्टी घेऊ नका. डीडीआर ४ ची खाच वेगळ्या जागी असते, ती बसणार नाही. बसत नाही म्हणून जोर लावला तर उरलेला स्लॉटही जाईल.

विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले आहे. कुळवृत्तांत तिच्यावर खुशाल लिहा, बँकेचे काम मात्र मोबाइलवर करा.

चादर घालू नका. कापड हवेतील ओल धरून ठेवते आणि खालची हवा कोंडते. पावसाळ्यात घरी असाल तेव्हा काम असो नसो, संगणक रोज अर्धा-पाऊण तास चालू ठेवा; त्याच्या स्वतःच्या उष्णतेने आतली ओल निघून जाते. पुढच्या वर्षी पुण्याला जाताना सेल काढून ठेवू नका, नाहीतर साटा मोड पुन्हा बदलेल. मागच्या जाळीला मच्छरदाणीचा तुकडा बांधून जा आणि परत आल्यावर बटण दाबण्याआधी तो आठवणीने सोडा.

निवृत्त मास्तर
गुरुवार, रात्री ९.२५

मच्छरदाणीचा तुकडा सौ.नी आत्ताच कापून ठेवला. साटा मोड आयडीई असल्याची चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, म्हणजे पुढे जो कुणी उघडेल त्याला विचारत बसावे लागणार नाही. पट्टी गौरी-गणपतीनंतर घेईन.